पंधरा मीटरचं रिंगण

नव्या ग्रासकटरचं खोकं अंगणात फोडलं की इंजिन, दांडा, मूठ, पातं आणि खांद्याचा पट्टा एवढं भराभर बाहेर येतं. अर्ध्या तासात मशीन जोडून होते, दोरी ओढून ती चालूही करून पाहिली जाते, आजूबाजूची पोरं जमतात. खोक्याच्या तळाशी तीन वस्तू तशाच पडून राहतात: काळा प्लास्टिकचा गार्ड, एक पातळ चष्मा आणि माहितीपुस्तिका. मग खोकं माळ्यावर जातं आणि त्याच्याबरोबर या तिन्ही वस्तूही जातात. आमच्या घरीही हेच झालं, त्यामुळे दुसऱ्या कोणाला नावं ठेवायची सोय नाही.

कोकणात पाऊस ओसरला की बेणणी सुरू होते. गणपतीच्या आधी घराभोवतालचं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आंबा-काजूच्या बागांतलं कमरेएवढं गवत काढावंच लागतं. मोहोरावर फवारणी करायची तर झाडाखाली फिरता यायला हवं, आणि शिमग्याच्या दिवसांत कुठून वणवा आला तर वाळलेल्या गवतातून तो थेट कलमांपर्यंत पोचतो. पूर्वी विळे-कोयते घेऊन दहा माणसं ओळीनं हे काम करत. आता माणसं मुंबईला, आणि जी गावात आहेत त्यांची गुडघ्यांची तक्रार. म्हणून खांद्याला मशीन अडकवून एकटा तरुण येतो आणि दहा जणांचं काम करून जातो. मजुरी दिवसावर, पेट्रोल बागवाल्याचं. बिलावर या मशीनचं नाव ब्रश कटर असतं, पण दुकानापासून बागेपर्यंत सगळे तिला ग्रासकटर म्हणतात. अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीची कड पदपथालगत सरळ कापायला याच कुळातलं एजर नावाचं यंत्र वापरतात. कड कापावी एवढी हिरवळ आपल्याकडे फारशी कोणाची नसते, पण दोन्ही यंत्रं चालवताना सांभाळायच्या गोष्टी जवळजवळ त्याच आहेत.

या मशीनला बहुतेक जण भितात ते पात्याला. पाय कापेल, बोटं जातील. ती भीती खोटी नाही. पण पातं दीड मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला असतं, मशीन पट्ट्यानं खांद्याला टांगलेली असते आणि दोन्ही हात मुठींवर असतात. पट्टा नीट लावला असेल तर चालवणाऱ्याचा पाय पात्यापर्यंत सहसा पोचत नाही. पातं स्वतः जागेवर राहतं, त्यानं फेकलेली वस्तू मात्र कुठेही जाते.

थोडा हिशेब मांडू. तीन दात्यांचं नेहमीचं पातं 255 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे त्याचा घेर झाला 80 सेंटिमीटर. मिनिटाला 7000 फेरे धरले तर सेकंदाला सुमारे 117 फेरे झाले. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला 93 मीटर, ताशी 336 किलोमीटर वेगानं फिरतं. कोकण रेल्वेच्या रुळांवरून धावणाऱ्या कोणत्याही गाडीच्या दुपटीहून हा वेग जास्त आहे. गवतात लपलेल्या जांभ्याच्या कपचीला याचा फक्त तिसरा हिस्सा मिळाला असं समजा. तरी ती ताशी 112 किलोमीटरनं सुटते, म्हणजे मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू, तोही टोकदार आणि दिसण्याआधीच अंगावर आलेला. पंधरा मीटर जायला तिला अर्धा सेकंद पुरतो.

पंधरा हा आकडा मी मनानं घेतलेला नाही. जवळपास प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत तो छापलेला असतो: मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत चालवणाऱ्याशिवाय कोणी नको. दोन मशीनवाले एकाच बागेत असले तर त्यांनीही एकमेकांपासून तेवढंच अंतर ठेवायचं. पंधरा मीटर म्हणजे मोजून वीसेक पावलं. आपण मालक मंडळी काय करतो? मशीनवाल्याच्या मागोमाग फिरतो, "इथे राहिलं, तिथे राहिलं" म्हणून बोट दाखवतो.

तीन वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो होतो. तो गडग्यालगतचं गवत मारत होता, पाठ माझ्याकडे, इंजिनाच्या आवाजात माझी हाक त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. मी सातआठ पावलांवर असताना नडगीवर कोणीतरी हातोडी मारल्यासारखं झालं. पँटला बारीकसं भोक आणि आत रक्त. चिमटीत मावेल एवढी चिऱ्याची ढलपी होती. चहा सांडला. मशीन थांबवून तो धावत आला. जखम बांधून झाल्यावर मी मशीनकडे पाहिलं. गार्ड नव्हता.

"काका, तो लावला की ओलं गवत अडकतं. दर पाच मिनिटांनी थांबायला लागतं," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दव पडलेलं गवत गार्डच्या आत लगद्यासारखं बसतं. पण यावर उपाय गार्ड काढणं हा नाही. दव उडाल्यावर, नऊ-साडेनऊला काम सुरू करायचं, आणि लगदा बसलाच तर इंजिन बंद करून काठीनं खरवडायचा. पातं आणि पाय यांच्या मधला गार्ड मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या दिशेनं येणारे दगड अडवतो. पुढे आणि बाजूला जाणारे तो अडवत नाही, म्हणून ते पंधरा मीटर.

गार्ड काढण्याचं दुसरं कारण पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावतात तेव्हा दिसतं. दोरीच्या गार्डला आतून एक छोटी सुरी असते. दोरी ठरावीक लांबीबाहेर आली की ती सुरी टोक छाटते. गार्ड काढला की दोरी हवी तेवढी लांब सोडता येते आणि एका फेरीत जास्त पट्टा निघतो. मशीनवाल्याला तो फायदा वाटतो. पण दोरी लांबली की इंजिनावरचा भार वाढतो, फेरे पडतात, क्लच घसरून तापतो, आणि मग दुरुस्तीच्या दुकानात क्लचचे पैसे मोजताना कंपनीला शिव्या घातल्या जातात.

या दोरीची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये जॉर्ज बॅलस नावाचे एक गृहस्थ नृत्यशाळा चालवत. 1971 साली गाडी धुण्याच्या केंद्रात त्यांनी फिरते ब्रश पाहिले. ब्रशचे धागे गाडी घासत होते, पण रंगाला धक्का लागत नव्हता. झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत असंच काढता येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं. घरी जाऊन त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यांतून दोरी ओवली आणि डबा एजरला जोडला. आज आपल्या बागांत फिरणारी नायलॉनची दोरी त्या डब्यातून निघालेली आहे.

बुंध्याला इजा होऊ नये म्हणून निघालेली ही दोरी कोवळ्या कलमाच्या बाबतीत मात्र उलटते. वर्ष-दोन वर्षांच्या काजूच्या रोपाला ती दोनदा लागली की साल सगळ्या बाजूंनी सोलून निघते आणि रोप उभ्याउभ्या वाळतं. रोपाभोवतीचं हातभर गवत विळ्यानंच काढा, मशीन तिथे नेऊच नका. आणि नायलॉन संपलं म्हणून गाडीच्या ब्रेकची तार किंवा साखळीचा तुकडा लावणारे कल्पक लोक असतात, त्यांना हात जोडून सांगायला हवं. तारेचा तुकडा तुटला की तो गोळीसारखा जातो. साखळ्यांच्या अशा जोडण्या विकायला युरोपीय संघानं 2012 मध्ये बंदी घातली ती याचसाठी.

इंजिन चालू करण्याआधीचा अर्धा तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या अर्ध्या तासात हातात काठी घेऊन बाग चालायची. दगड, बाटल्या, सोडणं, जुन्या कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, आळ्याच्या कडेला रचलेले चिरे. उचलता येतील ते उचलायचे, नाहीत तिथे काठी रोवून वर चिंधी बांधायची. तार सगळ्यात वाईट, कारण ती पात्याभोवती गुंडाळत येते आणि तिचं मोकळं टोक चाबकासारखं फिरतं. काठी आपटत चालल्याचा आणखी फायदा म्हणजे फुरसं असेल तर ते सरकतं. कातळावरच्या गवतात फुरसं असतंच, म्हणून गमबूट. गांधीलमाश्यांचं पोळं आधीच दिसलं तर उत्तम, कारण खांद्याला मशीन अडकलेल्या माणसाला पळता येत नाही. पट्ट्याला एका झटक्यात सुटणारी कळ असते ती याचसाठी. ती कुठे आहे आणि कशी ओढायची, हे अंगणात चारदा करून पाहायला हवं.

खाजकुइलीबद्दल पुस्तिकेत काहीच नसतं, कारण ती पुस्तिका कोकणात लिहिलेली नाही. दिवाळीनंतर शेंगा वाळायला लागल्या की त्यांच्यावरची कुसं नुसत्या वाऱ्यानं उडतात. मशीन त्यांचा धुरळाच करते आणि तो मान, मनगटं आणि पापण्यांवर बसतो. वेल दिसला की शेंगा हिरव्या असतानाच, अंगभर कपडे घालून कोयत्यानं तोडून टाकावा.

आता पात्याच्या फिरण्याकडे येऊ. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. पात्यावर घड्याळाची तबकडी आहे आणि आपण सहाच्या आकड्यापाशी उभे आहोत असं समजा. गवताला लावायचा तो भाग डावीकडचा, साधारण आठ ते अकराच्या मधला, आणि मशीन फिरवायची उजवीकडून डावीकडे. परतीचा झोका रिकामा. बारा ते तीनच्या मधला भाग खुंटाला किंवा चिऱ्याला लागला तर पातं त्या वस्तूवर चढून उसळी मारतं आणि दांडा जोरात उजवीकडे झुगारला जातो. तिथे कोणी उभं असेल तर त्याचं नशीब. हे एवढं एकच सूत्र कळलं तरी मशीन ओढाताण करेनाशी होते. रानमोडीचे जून बुंधे कापायचे असतील तर तीन दात्यांचं पातं काढून बारीक दात्यांचं गोल पातं लावावं. उतारावर खालून वर चढत कापू नये, आडवे पट्टे काढत जावं.

पातं बदलताना एक गंमत होते. नट सुटत नाही. माणूस नेहमीच्या सवयीनं डावीकडे जोर लावतो, पान्यावर पाय देतो, आणि नट अधिकच आवळला जातो. बहुतेक ब्रश कटरच्या पात्याच्या नटाला उलटे आटे असतात, तो उजवीकडे फिरवला की सुटतो. पातं फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना असते. गिअरच्या डोक्याला एक भोक असतं, त्यात सळई घालून पातं अडकवायचं आणि काम झालं की ती सळई आठवणीनं काढायची. प्लगची टोपी आधी काढून ठेवलेली बरी, म्हणजे पातं हातानं फिरवताना इंजिन उचल खात नाही. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, तडा गेलेलं वेल्डिंग करून वापरू नका. नवं पातं काही शेकड्यांत येतं.

मशीन जमिनीवर आडवी ठेवून, पातं कशाला टेकत नाही हे पाहून, एका हातानं ती दाबून धरून दोरी ओढायची. खांद्याला लटकवून ओढायची नाही. आत एक क्लच असतो. त्याच्या दोन पट्ट्या स्प्रिंगनं आत ओढलेल्या असतात, फेरे वाढले की त्या बाहेर फेकल्या जातात, भोवतालच्या वाटीला घट्ट धरतात आणि मग पातं फिरू लागतं. म्हणजे रेस सोडली की इंजिन चालू राहून पातं थांबायलाच हवं. थांबत नसेल, मंद फिरत राहत असेल, तर कार्बोरेटरचा आयडलचा स्क्रू जास्त आवळलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. "थोडं फिरतंय, चालतं" असं म्हणून अशी मशीन घेऊन कामाला लागणारे मी पाहिले आहेत. तपासायला अर्धं मिनिट लागतं. आणि बरोबर चालणाऱ्या मशीनचं पातंही रेस सोडल्यावर काही सेकंद स्वतःच्या वेगानं फिरतच असतं, हे पायाजवळचं गवत काढायला वाकण्यापूर्वी लक्षात असू द्या.

पेट्रोलच्या बाबतीत दोन प्रकारची इंजिनं गावात दिसतात आणि दोन्हींचा घोळ होतो. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑईल, 25 ला 1 लिहिलं असेल तर 40. अंदाजानं झाकणभर घालणं म्हणजे पिस्टन जाम करणं. फोर-स्ट्रोकचं ऑईल वेगळ्या जागी घालतात, टाकीत निव्वळ पेट्रोल. शेजाऱ्याची मशीन मागून आणली असेल तर ती कुठल्या जातीची आहे हे आधी विचारा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणच्या दमट हवेत महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं मिश्रण बिघडणारच. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मशीन ठेवावी. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी मेकॅनिक शोधावा लागत नाही.

भरताना इंजिन दहा मिनिटं निवू द्यायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गवतातून पसरत जाते आणि तापलेल्या सायलेन्सरपर्यंत पोचते. भरून झालं की झाकण आवळून मशीन तीन-चार मीटर लांब नेऊन मगच दोरी ओढायची. बिडी ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण सांगावंच लागतं. आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवायची आपली सवय भयंकर आहे. ऑईल मिसळलेलं पेट्रोल सरबतासारखं रंगीत दिसतं. उन्हात तहानलेल्या माणसाच्या किंवा घरातल्या मुलाच्या हाती ती बाटली लागायला वेळ लागत नाही. पेट्रोलसाठीचा झाकणबंद डबा घ्या.

डोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो. जाळीचा मुखवटा मिळतो, तो चांगला आहे, पण जाळीतून बारीक खडे आणि कुसं येतात, म्हणून त्याच्या आत चष्मा हवाच. खडा लागला तर माणूस लगेच दवाखान्यात धावतो. घोटाळा होतो तो गवताच्या काडीनं. काडी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडून जाते, डोळा चुरचुरतो, माणूस पाणी मारून पुन्हा कामाला लागतो. काडीबरोबर बुरशी आत गेलेली असते. शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत बुरशीची जखम होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. चार-आठ दिवसांनी डोळा लाल होतो, पांढरा ठिपका दिसतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर सुरुवातीला बरं वाटतं आणि बुरशी आतल्या आत फोफावते. नजर कायमची जाऊ शकते. काडी लागली आणि दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जा, आणि गवत कापताना लागलं हे त्यांना आवर्जून सांगा.

कानांचंही तेच, फक्त तिथे रक्त येत नाही. अमेरिकेतली नायॉश ही संस्था 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपुरता चालवून घेते आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी करते. ग्रासकटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी 100 च्या आसपास जातो. त्या हिशेबानं मुदत उरते पंधरा मिनिटं. आपला मशीनवाला सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत तो ऐकतो. कानात घालायचे फोमचे बोळे अगदी स्वस्त असतात. हातांना मुंग्या येत असतील, बोटं पांढरी पडत असतील तर ते थरथरीमुळे. दर अर्ध्या तासानं मशीन खाली ठेवावी. गळ्यातला पंचा मात्र कामाच्या वेळी घरीच राहू द्यावा, त्याचं लोंबतं टोक पट्ट्यात आणि मुठीत अडकतं.

यातलं बरंचसं मशीनवाल्यांना ठाऊक असतं. पण चष्मा, बोळे, गमबूट यांवर खर्च कोणी करायचा हे ठरलेलं नसतं, आणि गार्ड लावून काम हळू झालं तर मालक कुरकुरतो. दिवसाची मजुरी ठरवताना या वस्तू आपण आणून ठेवल्या तर तो त्या वापरतो, हे मी माझ्यापुरतं पाहिलं आहे. गार्ड लावून आमची बाग दोनऐवजी अडीच दिवसांत होते.

यंदा बेणणीला माणूस बोलावलात आणि त्याच्यासाठी चहा घेऊन निघालात, तर मागून जाऊ नका. त्याला दिसाल अशा बाजूनं या, वीस पावलांवर थांबा आणि हात वर करा. इंजिन बंद होऊ द्या, पातं थांबू द्या, मग पुढे जा.